चाकू पाहावा घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यांनी म्हणून ठेवलं त्यांच्यावर चाकू विकत घ्यायचा प्रसंग आलेला नसावा. घर मी बांधलं आहे. म्हणजे बँकेनं बांधलं आहे, मी हप्ते भरतो. लग्नही केलं आहे. त्याचे हप्ते वेगळे. पण ह्या दोन्ही कार्यांत मिळून जेवढी पायपीट झाली नाही तेवढी गेल्या वर्षी एका चाकूपायी झाली. आणि चाकू तरी केवढा? दुमडून खिशात मावेल, पातं चार बोटांचं, एवढाच.

आता बँकेतल्या कारकुनाला चाकू कशाला लागतो, असं आपण विचाराल. लातूरचे आमचे दाजी ह्या प्रश्नाचं उत्तर परस्पर देऊन टाकतात. ते म्हणतात, ‘‘बँकवाल्याला खिसे कापायला चाकू लागत नाही, सेवाशुल्क पुरतं.’’ दाजींच्या विनोदावर न हसण्याची सोय आमच्याकडे नाही, म्हणून मी हसतो.

चाकू हवा होता तो अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. अहमदपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षं मास्तरकी करून ते २००७ साली निवृत्त झाले. नोकरीला लागले त्या वर्षी, म्हणजे १९७१ साली, त्यांनी पगारातून तीन वस्तू घेतल्या: आजीला लुगडं, स्वतःला छत्री आणि माळेगावच्या जत्रेतून एक चाकू. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, दुष्काळ पडला, आणि ह्यानं छत्री घेतली म्हणूनच पाऊस गेला, असं आजी शेवटपर्यंत म्हणत होती. लुगडं फाटलं, छत्री एसटीत राहिली. चाकू मात्र पन्नास वर्षांच्या वर अण्णांच्या बंडीच्या खिशात टिकला.

शिंगाची मूठ, तिच्यात पितळेच्या तीन खिळ्या आणि एकच पातं. अण्णांच्या पहिल्या शाळेत मुलं बोरूनं कित्ता गिरवत. बोरू नुसता टोकदार करून भागत नाही, टोकाला तिरपा काप द्यावा लागतो. काप चुकला की जाड यायची ती रेघ बारीक येते, बारीक यायची ती जाड, आणि ‘क’ पोट दुखत असल्यासारखा दिसतो. वर्गातल्या चाळीस पोरांचे चाळीस बोरू अण्णा त्या चाकूनं तासत. साहेबाच्या देशातही हेच होतं म्हणे. खिशातल्या लहान चाकूला इंग्रजीत पेननाइफ म्हणतात ते पिसाची लेखणी तासायची म्हणून. पुढे साहेबानं पीस सोडलं, नाव तेवढं राहिलं. अण्णांनी बोरू गेल्यावर पेन्सिली धरल्या. शार्पनर ह्या वस्तूबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून वाईट. ‘‘ते टोक काढत नाही, पेन्सिल खातं,’’ असं ते म्हणतात. पेन्सिलीशिवाय त्या चाकूनं उसाची कांडी, कैऱ्या, पाकिटं, चपलांचे अंगठे आणि एकदा शिक्षणाधिकाऱ्यांच्या बंद पडलेल्या जीपचा कसलासा पट्टा एवढं सगळं कापलेलं आहे.

आम्हाला बी.कॉम.ला घसारा शिकवला. समान हप्ता पद्धत, ऱ्हासमान शेष पद्धत, सगळी उदाहरणं मी सोडवली, पण घसारा हा शब्द मला कळला तो अण्णांच्या चाकूकडे बघून. दर पंधरा दिवसांनी निसण्यावर घासून घासून पातं रुंदीला निम्म्याच्या खाली आलं होतं. म्हणजे पुस्तकी किंमत शून्याच्या पलीकडे गेलेली, आणि धार अशी की टोमॅटोला आपण कापलो गेलो हे फोड बाजूला पडल्यावर कळावं.

हा चाकू माझ्यामुळे गेला.

झालं असं की, अण्णांच्या डोळ्याच्या तपासणीसाठी आम्ही एका मोठ्या शहरी गेलो होतो. जाताना रेल्वेनं गेलो. येताना मला हौस आली की अण्णांना एकदा विमान दाखवावं. विमानतळावर तपासणीच्या ठिकाणी बंडी त्या ट्रेमधून यंत्रात गेली आणि पडद्यावर चाकू असा स्वच्छ दिसला की डोळ्याच्या डॉक्टरांनी ते यंत्र घ्यावं. तिथली मुलगी फार नम्रपणे म्हणाली, ‘‘बाबा, ये अंदर नहीं ले जा सकते.’’ पेट्या आधीच पट्ट्यावरून आत गेल्या होत्या. कोपऱ्यात एक डबा होता, त्यात नेलकटर, कात्र्या, लायटर अशा अनाथ वस्तू पडल्या होत्या. अण्णा ‘‘बरं’’ म्हणाले. त्यांनी चाकू धोतराच्या सोग्यानं पुसला आणि त्या डब्यात ठेवला. दुसऱ्याला वस्तू देताना पुसून द्यावी, ही त्यांची सवय.

विमानात त्यांनी खिडकीतून बराच वेळ ढग बघितले. ‘‘कापसाच्या गंजीसारखे आहेत,’’ म्हणाले. चाकूबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. कारण आदल्या रात्री पेटी भरताना त्यांनी विचारलं होतं, ‘‘हे पेटीत टाकू का रे?’’ मी मोबाइलवर बोर्डिंग पास काढण्यात गुंतलो होतो. वर न बघता मी म्हणालो होतो, ‘‘असू द्या हो खिशात.’’ हे वाक्य मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. अण्णांनीही सांगितलेलं नाही.

रांगेत आमच्या मागे नांदेडचेच एक वयस्क सरदारजी उभे होते. त्यांनी मला धीर दिला. ‘‘नांदेडात राहून धारेची काय कमी, भाऊ?’’ म्हणाले.

खरंच होतं. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली ज्या गावात देह ठेवला, जिथं महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ ह्या काळात तख्त सचखंड श्री हुजूर साहिबची इमारत उभी केली, जिथं गुरुजींची शस्त्रं आजही गाभाऱ्यात भक्तिभावानं जपली आहेत, आणि दसऱ्याला हल्ला-महल्ल्यात नंग्या तलवारी घेऊन अख्खी मिरवणूक धावते, त्या गावच्या माणसानं चाकू नाही म्हणून रडावं? मी शनिवारी गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर गेलो. कडी, कंगवे, तलवारी, कृपाणं ह्यांची ओळीनं दुकानं. ‘‘क्या होना, भाऊ?’’ दुकानदारानं आपल्या दखनी गोडव्यानं विचारलं. मी एका सुबक छोट्या कृपाणाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, वडिलांना पेन्सिली तासायला हवंय.

दुकानदार रागावला नाही. त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि शुद्ध मराठीत समजावलं की कृपाण हा चाकू नाही. तो धर्माचा भाग आहे. त्यानं पेरू कापायचे नसतात. खरं तर हे मला कळायला हवं होतं. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करण्याचा उल्लेख आहे, पेन्सिलीचा नाही. मग माझी निराशा बघून त्यानं खालच्या खणातून एक दुमडता चाकू काढला. काढला आणि अंगठ्यानं असा काही उघडला की ‘टक्’ आवाजासरशी माझा चहा बशीत आला. १९६५च्या ‘वक्त’ सिनेमात राजकुमारसमोर असला चाकू निघतो, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडत. मी तो घेतला. अण्णांनी तो उलटसुलट पाहिला, नखावर धार बघितली आणि म्हणाले, ‘‘छान आहे. पण हा घेऊन मी वर्गात गेलो असतो तर पोरांआधी मी शाळा सोडून पळालो असतो.’’

त्या रात्री मला झोप लागेना. घरात हत्यार आणून ठेवलं की काय, ह्या शंकेनं मी दुसऱ्या दिवशी शस्त्रांचे नियम वाचून काढले. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू असेल तर परवाना लागतो. घरकामाची, शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. मी चिरंजीवांच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन सगळं घर मोजलं. आमच्या विळीचं पातं हुकमी अडीच इंच रुंद निघालं. ती घरकामाची म्हणून वाचली. ‘‘आणि चालवणारी?’’ असं सौ.नं मागून विचारलं. ह्या प्रश्नाला नियमांत तरतूद नाही.

बँकेत हेड कॅशियरांच्या ड्रॉवरमध्ये एक चपट्या पात्याचा जुना चाकू आहे. शंभर नोटांच्या पाकिटाला पूर्वी जाड तारेच्या टाचण्या मारत, त्या उचकटायला तो लागायचा. त्यात नोटांची भोकं मोठी व्हायची आणि कॅशियरांच्या बोटांचीही. रिझर्व्ह बँकेनं २००१ साली टाचण्या बंद करायला लावल्या, नोटांना कागदी पट्टी आली. कॅशियरसाहेबांनी चाकू मात्र परत केला नाही. टाचण्यांचा निर्णय मागे घेतला गेला तर अडचण नको म्हणून. मी तो मागून पाहिला. त्यांनी ड्रॉवरला कुलूप लावलं.

अमेरिकेतल्या मेव्हण्यानं स्विस चाकू पाठवला. तांबडा, गुळगुळीत, आत बारा-तेरा अवजारं. कार्ल एल्झेनर नावाच्या गृहस्थानं १८९७ साली हा अधिकाऱ्यांसाठी काढला. त्याआधी तो शिपायांचा चाकू बनवत असे. शिपायाच्या चाकूत डबा फोडायची सोय होती. बाटलीचं बूच काढायचा पेच आला तो साहेबाच्या चाकूत. साहेब सगळीकडचे सारखेच. अण्णांनी तो पेच निरखून, ‘‘हे कशाला असतं?’’ असं विचारलं आणि मी ‘‘विहिरीतली बादली काढायला,’’ असं सांगून वेळ मारून नेली. सौ.नं कपाळावर हात मारला. चाकू शोकेसमध्ये गेला.

मग दाजींनी सूत्रं हातात घेतली. लातूरकर माणूस कुठलीही अडचण पॅटर्न म्हणून सोडवतो. ‘‘तुम्ही नांदेडात काय शोधूलालाव? लातूरला या,’’ असा फोन आला. नांदेडहून लातूरला जाताना आधी लोहा लागतं, मग अहमदपूर आणि मग चाकूर. कच्चा माल लोह्याला आणि पक्का माल चाकूरला, इतकी चोख योजना सरकारलाही जमली नसती. म्हणून मी मुद्दाम चाकूरला उतरलो. स्टँडसमोरच्या पानवाल्याला विचारलं, ‘‘इथं चाकू चांगले मिळतात का?’’ त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘ह्ये आनिक एक आलं बग.’’ म्हणजे हा विनोद सुचणारा मी पहिला नव्हतो. पुढची एसटी येईपर्यंतचा पाऊण तास मी त्या दोघांकडे पाठ करून काढला.

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं! मध्ये गोल इमारत आणि तिच्यातून निघणारे सोळा रस्ते. एका रस्त्यानं आत गेलेला माणूस त्याच रस्त्यानं बाहेर आल्याचं मी पाहिलेलं नाही. आम्ही दोघं कुलपांच्या रस्त्यानं शिरून भांड्यांच्या रस्त्याला निघालो, तिथून पुन्हा शिरून कापडात गेलो. शेवटी दाजींनी मला एका दुकानासमोर उभं केलं आणि अभिमानानं म्हणाले, ‘‘हे घ्या. लातूरचा अडकित्ता!’’ लातूरच्या अडकित्त्यांचं नाव जुनं आहे आणि तो होताही देखणा; दोन पाती अशी जुळत होती की मधून उजेड जाऊ नये. मी म्हणालो, ‘‘दाजी, चाकू हवाय.’’ दाजी म्हणाले, ‘‘चाकूला एक पातं, ह्याला दोन दांडे. वस्तू बघा!’’ अण्णांचे सगळे दात जाऊन सहा वर्षं झाली आहेत. सुपारी त्यांनी त्याआधीच सोडली. अडकित्ता घेतला. दाजींनी दाखवलेली वस्तू न घेण्याचीही सोय आमच्याकडे नाही.

परत येताना लोह्याच्या अलीकडे रस्त्याकडेला घिसाड्यांचं पाल दिसलं आणि मी उतरलो. हा ह्या सगळ्या खटाटोपातला सर्वांत चांगला तास. नवरा सांडशीत लोखंड धरून बसला होता आणि बायको उभ्यानं घण घालत होती. पोरगं भात्याचा पंखा फिरवत होतं. लोखंड म्हणजे मोडलेल्या ट्रकच्या कमानीचा तुकडा. ‘‘ह्याच्यावानी पोलाद दुकानात घावत न्हाई,’’ घिसाडी म्हणाला. दुमडता चाकू तो करत नव्हता. पण मी हटून बसलो, तेव्हा त्यानं अर्ध्या तासात चार बोटांचं एक सरळ पातं ठोकून काढलं. लाल झालेलं पातं त्यानं पाण्यात बुडवलं, ते चुर्र झालं. मला वाटलं झालं काम. त्यानं ते पुन्हा निखाऱ्याजवळ नेऊन नुसतं शेकलं. पाठीवरून गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग हळूहळू धारेकडे सरकत गेला, तसं पुन्हा पाण्यात. ‘‘पैलं पानी दिलं की लई कडक होतं, साहेब. तसंच ठिवलं तर पडलं की टुकडा. मग थोडं नरम करायचं. लई नरम केलं तर वाकतं.’’ माणसं घडवण्याबद्दल आमच्या ट्रेनिंग सेंटरात तीन दिवस व्याख्यानं झाली होती. त्यांत एवढं कामाचं काही नव्हतं.

ते पातं अण्णांनी हातात घेतलं आणि प्रथमच त्यांचा चेहरा खुलला. नखावर टेकवलं, उजेडात धरलं, ‘‘पाणी चांगलं दिलंय,’’ म्हणाले. मग ते हळूच खाली ठेवून म्हणाले, ‘‘पण खिशात ठेवून खाली बसलो तर डॉक्टर डोळ्यांचा लागणार नाही.’’

असे करत करत घरात पाच-सहा धारदार वस्तू जमा झाल्या. प्रत्येक वस्तू मी सराफासारखी उघडून, पुसून अण्णांपुढे धरायचो. अण्णा बघायचे, ‘‘छान आहे, ठेव,’’ म्हणायचे. सकाळी ती फळीवर तशीच. पेन्सिली शार्पनर खाऊ लागला.

मार्गशीर्षात माळेगावची जत्रा भरली. खंडोबाचं दर्शन हे निमित्त. घोडे, गाढवं, उंट, कुत्री ह्यांच्या त्या बाजारात मी चाकू शोधत हिंडलो. एके ठिकाणी घोड्याचे दात मोजणाऱ्या माणसानं मला गिऱ्हाईक समजून घोड्याचं तोंड माझ्यापुढे उघडलं. संध्याकाळी पाळण्यांच्या पलीकडे एका पथारीवर खेळणी, कुलपं, फण्या ह्यांच्यात काही दुमडते चाकू दिसले. साठ रुपये. मूठ शिंगासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकची. पातं उघडलं तर खिळखिळं. स्प्रिंगेत जीवच नाही. पोलाद असं की घिसाड्यानं ते खुरप्याच्या मुठीलाही बसवलं नसतं. तरी घेतला. पाय दुखत होते, आणि रिकाम्या हातानं कितीदा परत जायचं. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले. उघडून-पुसून दाखवायचा उत्साह नव्हता. तसाच दुमडलेला अण्णांच्या उशाशी ठेवला आणि झोपलो.

सकाळी दाढी करताना ओसरीतून अण्णांचा आवाज आला, ‘‘अरे, जरा उघड रे.’’

मी आरशातून बघितलं. चिरंजीवांनी पुस्तकातून मान वर न काढता चाकू घेतला, खाचेत नख घालून उघडला आणि जमिनीवर ठेवला. चाकू हातोहात देऊ नये, भांडण होतं. अण्णांनी तो उचलला आणि पेन्सिलीची पहिली ढलपी सतरंजीवर पडली.

अण्णा आंघोळीला गेल्यावर मी चिरंजीवांना विचारलं, ‘‘तुला कुणी शिकवलं हे?’’

‘‘रोजच तर उघडायचो. आधीचा पण. दुसरीत होतो तेव्हापासून. आजोबांचा अंगठा वळत नाही ना.’’

‘‘मग हे बाकीचे एवढे आणले ते?’’

‘‘ते घट्ट आहेत. माझ्यानंपण उघडत नाहीत.’’

‘‘मला का नाही सांगितलं?’’

‘‘आजोबा म्हणाले, बाबांना सांगू नको. अंगठ्यासाठी पण डॉक्टरकडे नेतील. विमानानं.’’

माझी अर्धी दाढी राहिली होती, ती मी करून टाकली.

साठ रुपयांच्या त्या चाकूला धार काही राहत नाही. अण्णा दर चार दिवसांनी निसणा घेऊन बसतात आणि कारखानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. घिसाड्याचं पातं सौ.नं मूठ लावून स्वयंपाकघरात नेलं आहे. विळी सध्या विश्रांती घेते. अडकित्त्यानं मी बदाम फोडतो; दाजी आले की तो टेबलावर काढून ठेवावा लागतो.

फाल्गुनात अण्णांच्या डोळ्याची पुन्हा तारीख होती. आदल्या रात्री मी तिकिटं बघत बसलो होतो. अण्णा आतून आले, पेटीजवळ उभे राहिले आणि बंडीच्या खिशात हात घालून म्हणाले,

‘‘हे पेटीत टाकू का रे?’’

मी मोबाइल खाली ठेवला आणि पेटीचं झाकण उघडून धरलं.